नेरेत्वाकाठचा मुक्काम

१० जानेवारी १९८०, गुरुवार

दिला राजीनामा. काल साहेबांच्या टेबलावर ठेवला. आज सुट्टीचा वार, म्हणून घरीच आहे. सकाळपासून तीनदा चिंचवड स्टेशनपर्यंत चालत जाऊन आलो. काम काहीच नव्हतं. गुरुवारी कंपनीचा भोंगा होत नाही, तरी कान तिकडेच लागलेले.

संध्याकाळी प्रभाकर आला. टूलरूममध्ये इतकी वर्षं आमची टेबलं शेजारी शेजारी. बसायच्या आधीच म्हणाला, "राव, लोक या कंपनीत चिकटायला वशिले लावतात आणि तू सोडून चाललास? तेही लोकांना युगोस्लाव्हिया दाखवायला! कोण जातंय तिथं?"

"कोणी जात नाही म्हणूनच," मी म्हणालो. "लंडन-पॅरिस सगळेच दाखवतात."

एकाहत्तर साली कंपनीने मला सहा महिने झाग्रेबच्या कारखान्यात मशीन शिकायला पाठवलं होतं. तेव्हा दर रविवारी मिळेल त्या गाडीत बसून मी तो देश पालथा घातला. निळी सरोवरं, डोंगरातले दगडी पूल, एकाच गल्लीत मशीद आणि चर्च. परत आल्यापासून ते डोक्यातून गेलेलं नाही. तिथली भाषाही कामापुरती येते. पहिली सहल एप्रिलअखेर काढायची. चौदा-पंधरा माणसं जमली की झालं.

शुभदा काहीच बोलली नाही. शाळेचे पेपर तपासत बसली होती. मी म्हणालो, "तुला पटलेलं दिसत नाही." ती म्हणाली, "मी कुठं काय म्हटलं?" हे तिचं नेहमीचंच. मनात काय आहे ते सांगायचं नाही. नवरा नोकरी सोडतोय म्हटल्यावर कुठल्या बायकोला आवडेल, हे मलाही कळतं. पण निदान विरोध तरी करावा!

२२ जानेवारी

प्रभाकर मुद्दाम पेपर घेऊन आला. मार्शल टिटोंचा पाय कापावा लागला. वय सत्याऐंशी. "हे गेले तर तुझ्या सहलीचं काय?" असं म्हणून चहा पिऊन गेला.

मग मला बसवेना. तिथं एका माणसाने पस्तीस वर्षं देश धरून ठेवलाय. तो गेला तर सीमा बंद होतील? दंगली होतील? येरझाऱ्या घालताना हे सगळं मी मोठ्याने बोलत होतो. शुभदा म्हणाली, "तिथल्या माणसांना काय वाटत असेल?"

मी म्हणालो, "अगं, प्रश्न तो नाही. प्रश्न सहलीचा आहे."

१४ फेब्रुवारी, गुरुवार

शाळेच्या हॉलमध्ये स्लाइड दाखवल्या. गर्दी बरी होती. मोस्तारचा पूल पडद्यावर आला आणि वीज गेली. मी दारात जाऊन मेनस्विच बघितला, शिपायावर ओरडलो, बाहेर डीपीपर्यंत जाऊन आलो. परत येतो तर लोक अंधारात शांत बसलेले आणि मागच्या रांगेतून शुभदा बोलतेय. पुलावरून नदीत उड्या मारणारी मुलं, खालच्या पाण्याचा हिरवा रंग, पूल कोसळेल अशी तो बांधणाऱ्या कारागिरालाच भीती वाटली होती ती गोष्ट. हे सगळं मीच तिला कधीकाळी सांगितलेलं. मी विसरूनही गेलो होतो.

वीज आल्यावर उरलेल्या स्लाइड भराभर दाखवून संपवल्या. शेवटी बरीच नावं आली. बहुतेक बायकांनी नवऱ्यांना कोपरखळ्या मारून द्यायला लावली. स्लाइड चांगल्या निघाल्या आहेत, त्याचाच हा परिणाम.

१९ मार्च

माणसं पुरेशी झाली. नानासाहेब, चिंचवडगावातले निवृत्त स्टेशनमास्तर. सत्तरी ओलांडलेली, पत्नी नाही, मुलं अमेरिकेत. जयसिंग, भोसरीत त्याचं वर्कशॉप आहे, सोबत बायको. पैसा वसूल झाला पाहिजे हे तो दर भेटीत ऐकवतो. पुनावळ्याचा किसन, आमच्याच कंपनीत फोरमन, आणि त्याची आई सोजरबाई. किसन म्हणाला, "वडील गेल्यापास्नं आई बोलायचीच बंद झालीय, साहेब. जरा हवापालट व्हईल." सोजरबाईंना युरोप कुठे आहे हेही माहीत नसावं. घाटात चालताना त्यांचा त्रास होणार असं दिसतंय. बाकी डॉक्टर, वकील, एक-दोन शिक्षक अशी मंडळी.

रोज संध्याकाळी मी तिथली भाषा मोठ्याने म्हणून ताजी करतो. अडलो की स्वयंपाकघरातून शब्द येतो. काल 'चमचा' आठवेना, तर आतून फोडणीच्या आवाजात 'काशिका' आलं. लक्ष विचलित होतं. तिला सांगितलं तसं.

१३ एप्रिल, रविवार

सगळं मुसळ केरात जायची वेळ. आचारी दत्तोबा, ज्याच्या भरवशावर मी शाकाहारी मंडळींना शब्द दिला, त्याचा पासपोर्ट आलाच नाही. आता येणारही नाही. स्कूटर काढून पुणे, देहूरोड, तळेगाव पालथं घातलं. स्वयंपाक येतो आणि पासपोर्ट आहे असा माणूस या पट्ट्यात सापडेना. दोन्ही हवं म्हटलं की लोक हसतात.

संध्याकाळी घरी येऊन डोकं धरून बसलो. शुभदा म्हणाली, "माझा आहे की पासपोर्ट."

"तुझा? कधी काढलास?"

"मागच्या वर्षी."

"कशाला?"

"असावा म्हणून."

नशीब म्हणायचं ते हेच! शाळेचं काय विचारलं, तर मे महिन्यात सुट्टीच असते आणि एप्रिलच्या दिवसांची रजा तिने आधीच टाकून ठेवली होती. कसल्याशा घरच्या कामासाठी असणार. योगायोग सगळा. मुलगी चित्रा पुण्याहून कॉलेजातून आली होती, ती आमचं बोलणं ऐकून हसायला लागली. का हसतेस विचारलं, तर "काही नाही बाबा" म्हणून आत पळाली.

शुभदाला स्पष्ट सांगितलं, स्वयंपाकाचं तेवढं बघ. माहिती मी सांगणार. दोघं बोलायला लागलो की लोकांचा गोंधळ होतो. ती "बरं" म्हणाली.

२९ एप्रिल, बेलग्रेड

आलो एकदाचे. विमानात मला झोप नाही, बाकी सगळे घोरत होते.

टिटो अजून लुब्लियानाच्या इस्पितळात आहेत. दुकानांत रेडिओ हळू आवाजात चालू. पण रस्ते वाहताहेत, ट्राम चालू आहेत. आमची बस चांगली आहे. ड्रायव्हर मिलान, माझ्याच वयाचा, मिशाळ, मितभाषी.

आज किल्ल्यावरून साव्हा आणि डॅन्यूबचा संगम दाखवला. माहिती सांगत पुढे चालत होतो, वळून पाहिलं तर मागे एकटा जयसिंग. बाकीचे पार खाली एका फुलवालीपाशी थांबलेले. शुभदा तिच्याशी काहीतरी बोलत होती आणि मंडळी भोवती उभी. असं दर ठिकाणी होतंय. आजची दोन ठिकाणं सुटली. मी रागावलो तेव्हा नानासाहेब म्हणाले, "हरिहर, मी आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडल्या. आता जरा उशिरा सुटू दे."

विनोद आहे, पण वेळापत्रक मला सांभाळायचंय.

३ मे, सारायेवो

ही मंडळी बाजारात शिरली की बाहेर निघत नाहीत. आज शुभदाला शोध लागला की इथे दुकानाला 'दुचान' म्हणतात, साखरेला 'शेचेर', दुश्मनाला 'दुश्मान'. तुर्की राज्यातून आलेले शब्द, आपल्याकडेही त्याच वाटेने आलेले. हे मला माहीत होतं, पण सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. बायकांना त्याचं कोण कौतुक! सोजरबाई एका भांडेवाल्यापाशी बसून राहिल्या. तो तांब्याचा पत्रा ठोकत होता आणि त्या बघत होत्या, दोघंही मुकाट. उठवायला मला दोनदा जावं लागलं. दोन्ही वेळा शुभदाने खुणेने मला परत पाठवलं.

उद्या दुपारी निघून मोस्तार. रात्री तिथे लोकनृत्य ठरलंय. परवा समुद्र, दुब्रॉवनिक. मग स्प्लिट, सरोवरं, स्लोव्हेनिया. तिथपर्यंत सगळं नीट पार पडलं की जिंकलो.

४ मे, रविवार, कोन्यित्स

हातून सगळं निसटलं.

सारायेवो सोडून घाट उतरलो होतो. उजवीकडे बर्फाचे डोंगर, खाली नेरेत्वा नदी. मी मोस्तारची माहिती सांगत होतो. मिलानने रेडिओचा आवाज मोठा केला, तेव्हा मी त्याला तो कमी करायला सांगितला. त्याने ऐकलंच नाही. थोडं पुढे जाऊन त्याने बस कडेला घेतली, इंजिन बंद केलं, उतरला आणि रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसला. मागून येणाऱ्या गाड्याही एकेक करून थांबत होत्या. एवढा थोराड माणूस, टोपी तोंडावर धरून हुंदके देत होता.

टिटो गेले.

मी खाली उतरून म्हणालो, "मिलान, मलाही वाईट वाटतंय. पण मोस्तारला लोक आपली वाट बघताहेत." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरलो. मग शुभदा पाण्याचा तांब्या घेऊन उतरली आणि त्याच्या शेजारी दगडावर बसली. सोजरबाईही उतरल्या आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला बसल्या. मी घड्याळ बघत उभा होतो.

शेवटी त्याने बस जेमतेम जवळच्या गावापर्यंत आणली. तेच हे कोन्यित्स. नदीकाठचं छोटं गाव, लाकडावरच्या कोरीवकामासाठी ओळखलं जातं म्हणे. माझ्या सहलीत हे गाव नव्हतं. एक लहानसं हॉटेल मिळालं. खिडक्यांतून काळी फडकी लागली आहेत. माणसं नुसती रस्त्यात उभी आहेत. मिलानच्या कंपनीचा फोन आला, पुढचा हुकूम येईपर्यंत गाडी हलवायची नाही.

जयसिंग म्हणाला, "हरिहरराव, आम्ही काय सुतक बघायला आलो का इथं?"

मी काउंटरवर जाऊन मोस्तारला जाणाऱ्या गाड्या विचारून आलो.

५ मे, मोस्तार

असं बसून चालणार नव्हतं. सकाळीच रेल्वेने एकटा इथे आलो. कुणीतरी हालचाल करायला हवी. मंडळींना सांगितलं, उद्या येतो, सगळी व्यवस्था करूनच येतो. शुभदा म्हणाली, "इथंच थांबलात तर नाही का चालणार?" तिला व्यवस्था म्हणजे काय हे कसं कळावं!

इथे सगळंच बंद. प्रवासी कचेरीला कुलूप. हॉटेलचा मॅनेजर टीव्हीसमोर उभा, माझं ऐकून घ्यायला तयार नाही. शवपेटी रेल्वेने बेलग्रेडला चालली आहे आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, ते सगळे बघताहेत. लोकनृत्य रद्द. संग्रहालयं बंद. दुब्रॉवनिकला फोन लागत नाही. पोस्टातल्या बाईने चारदा जोडून बघितला आणि मग डोळे पुसत खिडकी बंद केली.

पुलावर जाऊन आलो. एकटाच होतो. खाली पाणी हिरवं आहे, मी सांगत होतो तसंच. पण दाखवायला कोणी नव्हतं, म्हणून फार वेळ थांबलो नाही.

नवी आखणी मात्र करून ठेवली. दुब्रॉवनिकचा एक दिवस कमी, स्प्लिट गाळायचं, पहाटे लवकर निघायचं. जमेल. मी इथे आलो म्हणून हे झालं. तिथे बसून राहिलो असतो तर काहीच झालं नसतं.

६ मे, कोन्यित्स

काय झालं ते जसं कळलं तसं लिहितो.

दुपारच्या गाडीने परत आलो. हॉटेलात आमच्यातलं कुणी नाही. काउंटरवरच्या माणसाने 'बोल्नित्सा' म्हणून टेकडीकडे हात केला. बोल्नित्सा म्हणजे इस्पितळ. पळत गेलो.

इस्पितळाच्या अंगणात आमची सगळी मंडळी बाकांवर बसलेली. गावातलीही बरीच माणसं होती. सोजरबाई डोक्याला रुमाल बांधलेल्या एका म्हातारीशेजारी बसून मटार सोलत होत्या.

काल दुपारी, मी मोस्तारात पोस्टाच्या खिडकीशी होतो त्या वेळी, नानासाहेब जेवणाच्या टेबलावरच छाती धरून वाकले. आमचे डॉक्टर त्वचारोगाचे. त्यांनी नाडी बघितली आणि इस्पितळात न्यायला हवं म्हणाले. पण कुठे, कसं? सोजरबाई "नाना! नाना!" करून ओरडायला लागल्या. इथे आजीला 'नाना' म्हणतात. हॉटेलच्या स्वयंपाकघरातल्या म्हातारीला वाटलं आपल्यालाच हाक मारताहेत, ती धावत आली. घाबरून शुभदाला साधा 'डॉक्टर' शब्दही आठवेना. ती "हकीम, हकीम" म्हणाली. म्हातारी म्हणाली, "हेचिम!" आणि तशीच रस्त्यात जाऊन ओरडली. त्यांचा जुना शब्द. गल्लीतली माणसं धावली. मिलानने कंपनीचा हुकूम बाजूला ठेवून बस काढली आणि नानासाहेबांना दोघांनी उचलून आत ठेवलं. इस्पितळातल्या डॉक्टरांना, काय झालं, कधीपासून झालं, आधी काय त्रास होता, हे सगळं शुभदाने त्यांच्या भाषेत सांगितलं. मोडकंतोडकं, पण सांगितलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

हे मला किसनने सांगितलं. शुभदा आत नानासाहेबांपाशी होती. मी गेलो तर ती त्यांना चमच्याने पेज भरवत होती.

"मला कळवायचं नाही?" मी म्हणालो.

"कळवणार होते. पण कुठल्या हॉटेलात उतरणार ते तुम्ही सांगून गेला नव्हतात."

सांगायचं राहूनच गेलं होतं, खरं आहे.

नानासाहेब क्षीण आवाजात म्हणाले, "हरिहर, तुझं दुब्रॉवनिक बुडवलं रे मी."

अंगणात येऊन मी नवी आखणी वाचून दाखवली. नानासाहेबांना डॉक्टरांच्या हवाली करायचं, बेलग्रेडच्या आपल्या वकिलातीला तार करायची, आपण उद्या पहाटे निघायचं, मिलान तयार नसेल तर रेल्वेने. मग जयसिंग उठला. मला वाटलं, हा तरी माझ्या बाजूने बोलेल.

"हरिहरराव, ते कागद खिशात ठेवा आता," तो म्हणाला. "म्हातारा इथं खाटेवर, आणि आम्ही समुद्रावर उभं राहून फोटो काढायचे?"

"पण मग पुढचं सगळं जाईल! सरोवरं, स्लोव्हेनिया..."

"जाऊ द्या की."

कुणीच हललं नाही. मी शुभदाकडे बघितलं. ती म्हणाली, "नानासाहेब निघतील तेव्हा आपण निघू. ज्यांना पुढं जायचं असेल त्यांना तुम्ही घेऊन जा. मी थांबते." एवढं बोलून ती परत आत गेली. मला विचारलंही नाही.

ज्यांना पुढे जायचं असेल असं कोणीच निघालं नाही.

७ मे

काय करतात ही माणसं दिवसभर? मला कळत नाही. वकीलसाहेब एका सुताराच्या दुकानात बसून लाकूड कोरायला शिकताहेत. जयसिंगला एका गॅरेजवाल्याने इंजिन उघडून दाखवलं. दोघं खुणांनी भांडले, मग गळ्यात गळे घालून बाहेर आले. शुभदाने काल हॉटेलच्या चुलीवर थालीपीठं लावली, तर गल्लीतल्या बायका बघायला आल्या आणि आज प्रत्येकीने काही ना काही आणून दिलं. घरोघरी दुखवटा आहे, तरी पाहुणे म्हणून दारात हाक मारतात. "इंडिया? नेहरू!" म्हणतात, हात धरतात आणि रडतात.

मी तीन वेळा स्टेशनवर जाऊन गाड्यांच्या वेळा बघून आलो. सहल फसली यात शंका नाही. परत गेल्यावर पिंपरीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

८ मे, गुरुवार

आज बेलग्रेडला अंत्ययात्रा. हॉटेलच्या दिवाणखान्यात टीव्ही, आणि गावातली माणसं दाटीने उभी. म्हातारी नाना पुढे जमिनीवर बसली होती, शेजारी सोजरबाई. पडद्यावर शवपेटी आली तशी नाना रडायला लागली आणि तिच्या पाठोपाठ सोजरबाई. मोठ्याने, गळा काढून. किसन घाबरून पुढे झाला, पण शुभदाने त्याला थांबवलं.

मग सोजरबाई बोलायला लागल्या. नानाकडे बघून, मराठीत. "माझं माणूस गेलं तवा घरात ही गर्दी. कोन आलं, कोन जेवलं, कुनाला च्या मिळाला न्हाई, ह्येच बघत बसले. रडायचं ऱ्हाऊनच गेलं बाई." नानाला एक अक्षर कळलं नसणार. तिने सोजरबाईंचा हात मांडीवर घेतला आणि तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक सांगितलं. सोजरबाई "व्हय, व्हय" म्हणत मान हलवत होत्या.

मला तिथे थांबवेना. बाहेर पडून नदीच्या काठाने भराभर चालत सुटलो. मागून मिलान आला.

"कुठे निघालात?" त्याने विचारलं.

"कुठे नाही."

"मग बसा," तो म्हणाला.

बसलो. नदीला बर्फाचं पाणी आलेलं होतं. गावात कुठेही आवाज नव्हता, गाडीचा नाही, कुत्र्याचाही नाही. मिलान म्हणाला, "आता पुढे काय होणार, आम्हाला कोणालाच माहीत नाही." मी म्हणालो, "मलाही." त्याला देशाचं म्हणायचं होतं आणि मला सहलीचं, पण त्या वेळी दोन्ही एकच वाटलं. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "तुमच्या बाईसाहेब आमची भाषा कुठे शिकल्या?"

मी म्हणालो, "घरी."

"कोणी शिकवली?"



१५ मे, चिंचवड

पोचलो. नानासाहेबांना डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली, तेव्हा निघालो. निघताना अर्धं गाव बसपाशी होतं. आदल्या दिवशी मंडळींना मोस्तारचा पूल तेवढा दाखवून आणला. समुद्र नाही, सरोवरं नाहीत, सरळ बेलग्रेड आणि विमान. नानासाहेबांना घरी सोडलं, त्यांच्या पुतण्याच्या ताब्यात दिलं. सगळे सुखरूप आहेत एवढंच समाधान.

५ जून

प्रभाकर आला होता. माझ्या जागेवर अजून कुणाला घेतलेलं नाही, साहेब म्हणाले हरिहरला विचारून बघ. "ये राव परत," तो म्हणाला. "सोमवारपासून पहिली शिफ्ट. कुणी काही बोलणार नाही."

सोमवारी येतो असं सांगायचं तोंडावर आलं होतं. विचार करून सांगतो म्हणालो. संध्याकाळी स्कूटरवरून निगडीच्या मोकळ्या प्लॉटांपर्यंत गेलो, तिथून उगाचच देहूरोडला, आणि परत आलो. शुभदाला सांगितलं तर म्हणाली, "तुम्हाला हवं ते करा." मग थोड्या वेळाने, "पण रविवारी सगळ्यांना बोलावलंय आपल्याकडे, तेवढं होऊ द्या."

२२ जून, रविवार

पहिला रविवार पावसाने बुडाला होता, म्हणून आज जमले सगळे. नानासाहेब रिक्षाने आले, काठी टेकत, पण आले. मी तक्रारी ऐकायची तयारी करून बसलो होतो. दुब्रॉवनिकचं कोणी विचारील, स्लोव्हेनियाचं विचारील, म्हणून उत्तरं ठरवून ठेवली होती.

कोणी विचारलंच नाही. कोन्यित्स, कोन्यित्स आणि कोन्यित्स. जयसिंगच्या बायकोने तिथल्यासारखी कॉफी करून आणली होती. वकीलसाहेबांनी स्वतः कोरलेली एक वाकडी पेटी सगळ्यांच्या हातातून फिरली. बेलग्रेडचा किल्ला कुणाला आठवतही नव्हता, मी तासभर माहिती सांगितली होती तो! प्रत्येकाने येताना शेजारीपाजारी आणले होते. पुढच्या वर्षी कुठे, हे विचारायला.

मी उभा राहून म्हणालो, "पुढच्या वर्षीचं अजून ठरलेलं नाही. मला कंपनीत परत..."

सोजरबाई आता बोलतात, चांगल्या खणखणीत बोलतात. त्या म्हणाल्या, "तुमी कंपनीत जावा की, साहेब. बाई हायेत न्हवं?"

सगळे हसले. मीही हसलो. शुभदा ट्रे घेऊन आत गेली, पण मी तिचा चेहरा बघितला होता. बावीस वर्षांच्या संसारात इतका खुललेला चेहरा मी पाहिलेला नाही. निदान माझ्या लक्षात तरी नाही.

१ जुलै

प्रभाकरला सांगून आलो, येत नाही म्हणून. तो म्हणाला, "वेडा आहेस." असेन.

घरी आलो तेव्हा शुभदा पडवीत ॲटलास उघडून बसली होती. मुलांच्या शाळेतला, फाटका. तिला कुठे जायचंय, हे मी तिला आजवर विचारलेलं नव्हतं. झाग्रेबला जाताना नाही, आल्यावर नाही, एप्रिलमध्येही नाही. आज विचारलं.

तिने ॲटलासची दोन पानं उलटली. मला वाटलं, नेहमीसारखं "मी काय सांगू" म्हणेल.

"बल्गेरिया," ती म्हणाली. "तिथं गुलाबाचं एक खोरं आहे. जूनच्या सुरुवातीला अख्खं गाव पहाटे फुलं खुडायला जातं. तिथं निदान चार दिवस राहायचं. नुसतं बघून पुढं जायचं नाही."

"माहिती कोण सांगणार?"

"मी." तिने मान वर केली नाही. "तिकिटं, गाड्या, हॉटेलं, परवाने हे तुम्ही बघायचं. धावपळीचं काम आहे, तुम्हाला जमेल. आणि जाल तिथला पत्ता देऊन जायचं."

"बरं," मी म्हणालो.

मग ती बोलत राहिली. बल्गेरिया, त्याच्या खालचा डोंगर, पलीकडचा रुमानिया, लाकडी चर्चांची खेडी, डॅन्यूब जिथं समुद्राला मिळते तिथले पक्षी. इतकं सगळं तिने कधी वाचलं, कुठे वाचलं, मला माहीत नाही. विचारणार आहे, पण आज नाही, आज ऐकायचं होतं. पलीकडे दुसऱ्या शिफ्टची माणसं सायकलींवरून जात होती. मी तिच्यासमोर बसून होतो. मध्ये एकदाच उठलो, दिवा लावायला.